वास आहे का अजून

भूमेश्वरी टेंभरेला वास येत नाही, हे बेहडीटोल्यात कुणालाच ठाऊक नव्हतं. साडेचार वर्षांपूर्वी, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, तिला आणि तिच्या नवऱ्याला एकाच दिवशी ताप चढला. श्यामलाल गोंदियाच्या दवाखान्यात गेला तो परत आला नाही. ती घरीच खाटेवर पडून राहिली आणि बारा दिवसांनी उठली. उठली तेव्हा तिच्या लक्षात आलं, की फोडणीला वास नाही, चुलीच्या धुराला नाही, साबणाला नाही. पण ज्या घरातून माणूस गेला, त्या घरातल्या बाईनं नाकाचं रडगाणं कुणापुढं गावं? येईल परत, असं म्हणून तिनं वाट पाहिली. तिखट-मीठ हळूहळू कळायला लागलं, वास मात्र आला नाही. पुढं तिला त्याची इतकी सवय झाली, की आपल्यात काही उणं आहे हेही कित्येक दिवस तिच्या मनात येत नसे.

तिचं वय चोपन्न. सडक अर्जुनीहून सात किलोमीटर आत, टोल्याच्या शेवटच्या बोळात तिचं कवेलूचं, म्हणजे कौलारू घर. समोरच्या खोलीत खिडकीशी शिलाई मशीन. आसपासच्या चार-पाच गावांतल्या नवऱ्या मुलींचे ब्लाऊज तिच्याकडंच शिवले जात. बाहेर सडकेवर दोन नवी दुकानं निघाली होती, तरी बाह्यांची बसणी भूमेश्वरीसारखी कुणाला जमत नाही, असं बाया म्हणत. मुलगी गुंजन लग्न होऊन रायपूरला होती. रविवारी तिचा व्हिडिओ कॉल येई. बाकी सहा दिवस भूमेश्वरीला बोलायला मशीन आणि बुधारू.

बुधारू म्हणजे तिचा काळा कुत्रा. श्यामलाल गेल्यानंतरच्या पावसाळ्यात एका बुधवारी तो सपरीत, घरापुढच्या पडवीत, येऊन बसला आणि उठलाच नाही, म्हणून बुधारू. तो मशीनखाली, कापडाच्या कातरणांच्या ढिगावर झोपायचा. तिचा पाय पायट्यावर चालू लागला की शेपूट हलवायचा आणि थांबला की डोळे उघडून बघायचा.

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. धान कापून शेताच्या बांध्यांमध्ये पडलं होतं. पहाटे, उजाडायच्या बेतात, बुधारूच्या भुंकण्यानं तिला जाग आली. समोरच्या खोलीत दिवा लावला तर मशीनच्या मागच्या कोपऱ्यात, भिंत आणि लोखंडी पेटीच्या मध्ये, एक लांबुडकं करडं जनावर अडकलेलं. तोंड काळं, शेपूट अंगाएवढी. मसन्याउद होतं ते, उदमांजर. बुधारू त्याच्यावर धावला, तसं त्यानं पाठ फिरवली आणि शेपूट उचलली. दुसऱ्या क्षणी बुधारू अंगावर आधण पडल्यासारखा ओरडत मागं सरला. जनावर खांबावरून वर चढलं आणि माळ्यात दिसेनासं झालं.

बुधारूनं तोंड जमिनीवर घासलं, कातरणांत घासलं, तिच्या गोधडीवर घासलं. मग सपरीत जाऊन फेस ओकला. भूमेश्वरीनं त्याचं अंग चाचपलं. कुठं चावलेलं नव्हतं, रक्त नव्हतं. भिंतीवर आणि पाटावरच्या कापडांवर काही पिवळट थेंब उडाले होते ते तिनं ओल्या फडक्यानं पुसले. जनावर घाबरून मुतलं, असं तिला वाटलं. माळ्यावर गेले काही दिवस खडखड होत होती ती उंदरांची नव्हती, एवढं तिला कळलं. मसन्याउद घरात शिरणं चांगलं नाही असं तिची सासू म्हणायची, म्हणून तिनं देवापुढं उदबत्ती लावली आणि कामाला बसली. पाटावर त्या दिवशी सात जणींची कापडं होती.

त्या आठवड्यात ती शिवण तिनं संपवली. बाया आल्या, दारातूनच कापड घेऊन गेल्या. कुणी आत बसलं नाही. धानाच्या दिवसांत कुणाला बसायला सवड असते, असं तिनं मनाशी म्हटलं. पण त्यानंतर नवं कापड आलं नाही. तुळशीचं लग्न झालं, म्हणजे खरं तर तिला मान वर करायला फुरसत नसण्याचे दिवस, आणि ती खिडकीतून बोळ बघत बसून होती. बिसराम पारधीच्या बायकोनं मुलीच्या लग्नाचं सगळं कापड आधीच देऊन ठेवलं होतं. ती एका सकाळी आली आणि न बेतलेलं कापड तसंच उचलून घेऊन गेली.

“नवऱ्याच्या घरचेच शिवून देऊन राहिले,” ती म्हणाली. बोलताना तिचा पदर नाकावर होता.

बचत गटाची बैठक दर महिन्याला भूमेश्वरीच्या सपरीत होत असे. त्या महिन्यात ती देवकाबाईकडं झाली. भूमेश्वरीला निरोप आला तोही बैठक होऊन गेल्यावर. एकदा ती धागे आणायला काळीपिवळी जीपनं सडक अर्जुनीला निघाली, तर शेजारची बाई आधी खिडकीकडं तोंड करून बसली आणि पुढच्या थांब्यावर उतरून पुढच्या सीटवर जाऊन बसली. गाडीत बरीच जागा होती. भूमेश्वरी आपल्या मांडीवरच्या पिशवीकडं बघत राहिली.

तिला कारण कळलं, म्हणजे कळलं असं तिला वाटलं. लग्नाच्या कापडाला विधवेचा हात नको. चार वर्षं कुणी तसं म्हटलं नव्हतं, पण मनात असणारच. कुणीतरी विषय काढला असेल आणि सगळ्यांना तो पटला असेल. हा विचार एकदा मनात बसला आणि मग प्रत्येक गोष्ट त्यातच बसत गेली: नाकावरचा पदर, दारातलं थांबणं, दुकानात तिच्यासाठी झटकन होणारी वाट. तिनं बाहेर पडणं कमी केलं. एका दुपारी मशीनवर चादर टाकली. संध्याकाळी एकटीसाठी भात लावायचा कंटाळा आला की सकाळचाच खायची, अर्धा बुधारूला द्यायची. गुंजननं फोनवर विचारलं, “आई, सीझन कसा आहे?” तर ती म्हणाली, “भरपूर काम आहे, बोलायलेही वेळ नाही.” त्यामुळं गुंजननं फोन लवकर ठेवला.

असा महिना गेला. मग एका दुपारी टीना आली.

टीना पटले गोंदियाला कॉलेज करून आलेली, पुढच्या पंधरवड्यात तिचं लग्न होतं. त्या पहिल्या आठवड्यातल्या सात ब्लाऊजांपैकी एक तिचा होता, लाल रेशमी, पाठीला लटकन. तिनं स्कूटी बोळातच लावली आणि अंगणात उभं राहून पिशवी पुढं केली.

“काकी, हा वापस घ्या.”

“कायले? फिटिंग चुकली का?”

“फिटिंग बरोबर आहे.”

“मंग?”

टीनाचे डोळे भरून आले होते, पण आवाज रागाचा होता. “तीन बार धुतला. ड्रायक्लीनला देला. काही फायदा नाही. तुम्ही खुद सुंगून पाहा ना.”

भूमेश्वरीनं ब्लाऊज नाकाशी धरला. रेशीम ओठांना गार लागलं. तिनं श्वास घेतला, मग डोळे मिटून आणखी खोल घेतला. काही नव्हतं. भिंतीला तोंड लावून श्वास घेतल्यासारखं.

“काय आहे याले?” तिनं विचारलं.

“मजाक करता काय, काकी?”

“नाही, बाई.” जे तिनं पोटच्या मुलीलाही सांगितलं नव्हतं, ते तिच्या तोंडून निघून गेलं. “मले वास येत नाही. कोरोना झाला तवापासून.”

टीनानं ओढणी नाकावर घेतली आणि पहिल्यांदाच सपरीच्या पायरीपर्यंत आली.

“काकी, तुमच्या घरात एवढा वास आहे ना, की इथं उभं राहवत नाही. काहीतरी सडल्यासारखा, वरून उग्र, गोड-गोड. तुमच्या लुगड्याला आहे. कुत्र्याले तर विचारूच नका. पूरा टोला जाणते.”

“मंग कोनी सांगतलं काऊन नाही?”

“मम्मी म्हणे, सांगू नको, बिचारी एकटी आहे, वाईट वाटेल. लोक म्हणतेत, काका गेल्यापासून तुम्ही घराकडे बघतच नाही. दिमागावर असर झाला म्हणून…” ती मध्येच थांबली.

भूमेश्वरी पायरीवर बसली. आधी तिला हलकं वाटलं. विधवेचा हात नव्हता तर, नुसता वास होता. पण ते हलकेपण फार टिकलं नाही. महिनाभर ती घाणीत बसून जेवली, झोपली. तोच वास अंगावर घेऊन गाडीत बसली, देवळात गेली. प्रत्येक माणसानं तिच्याकडं बघून मनात काहीतरी ठरवलं आणि तिची कीव करून ते तिला सांगितलं नाही. तिच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. बुधारू येऊन तिच्या गुडघ्याला अंग घासू लागला, आणि तिला त्याला दूर करावं की जवळ घ्यावं तेच कळेना.

मसन्याउदाची हकीकत तिनं टीनाला सांगितली. टीनानं तिथंच उभ्या उभ्या मोबाइल काढला आणि शोधू लागली. “अमेरिकेत एक जनावर असते, स्कंक म्हणून,” ती वाचत म्हणाली. “ते असाच फवारा मारते कुत्र्यावर. तिकडचे लोक हायड्रोजन पेरॉक्साइड, खायचा सोडा आणि भांड्याचा साबण एकत्र करून लावतात. नुसत्या पाण्यानं जात नाही म्हणे. टमाटरच्या रसानं भी नाही. मिश्रण ताजंच वापराचं, बाटलीत बंद करून ठेवाचं नाही, फुटते. डोळ्यांत जाऊ द्याचं नाही.”

“ते पेरॉक्साइड कुठं भेटते?”

“मेडिकलमध्ये. जखमेवर टाकल्यावर फेस येते ना, तेच. मी आणून देते.” जाताना ती म्हणाली, “पण काकी, वास गेला की नाही हे तुम्हाला कसं समजेल? मले रोज येणं जमणार नाही. बाजूच्या वच्छलाकाकीले विचारा.”

वच्छला आणि भूमेश्वरी यांच्या घरांमध्ये एक भिंत होती. वच्छलाच्या खिडकीतून भूमेश्वरीची परसातली वाडी दिसे. पंचवीस वर्षं दोघींनी एकमेकींकडून विरजण नेलं होतं, एकमेकींच्या मुलांना न्हाऊ घातलं होतं. मग तो एप्रिल आला. श्यामलालला गाडीत घालून नेल्याच्या दुसऱ्या दिवशी वच्छलाचा नवरा उदाराम यानं दोन अंगणांमधल्या वाटेवर आडवा बांबू बांधला. तसे बांबू त्या दिवसांत गावोगाव बांधले जात होते. पण भूमेश्वरी खाटेवरून तो बांबू बघत पडली होती. श्यामलाल गेल्याची खबर आली तेव्हाही तो तिथंच होता. पुढं तो काढला गेला, पण दोघींचं बोलणं पाण्याचा नळ आणि कोंबड्या एवढ्यापुरतंच उरलं.

त्या संध्याकाळी ती वच्छलाच्या अंगणात जाऊन उभी राहिली. वच्छला सुपात तांदूळ पाखडत होती.

“वच्छला, माझ्या घरी वास येऊन राहिला म्हणतेत.”

“म्हणतेत कायले? येऊनच राहिला.” वच्छलानं मान वर केली नाही. “महिना झाला, मी इकडची खिडकी उघडली नाही.”

“मले सांगतलं काऊन नाही?”

“तुले येत नाही काय तो?”

“नाही. मले कोनताच वास येत नाही. त्या बिमारीपासून.”

सूप थांबलं. “तवापासून? अन् कोनाले बोलली नाही?”

“कोनाले बोलू? तवा कोनी आलंच नाही.”

तिनं ते भांडायला म्हटलं नव्हतं. पण वच्छलाचा चेहरा बदलला. ती पुन्हा पाखडायला लागली. तांदळावर आता काही उरलं नव्हतं, तरी पाखडत राहिली. शेवटी म्हणाली, “धुनं झालं की बोलाव मले. सांगीन.”

दुसऱ्या दिवशी टीनानं आणलेल्या बाटल्या घेऊन भूमेश्वरीनं वाडीत बुधारूला जांबाच्या झाडाला बांधलं. घमेल्यात मिश्रण केलं, फेस आला, तो हातमोजे घालून त्याच्या केसांत मुरवला. डोळे-नाक सोडून तोंडाला ओल्या फडक्यानं लावला. बुधारू थरथरत उभा राहिला. थोड्या वेळानं धुतला आणि पुन्हा लावला. संध्याकाळी तो वाळला तेव्हा त्याचे काळे केस मानेवर आणि पाठीवर तांबूस झाले होते.

घराला चार दिवस लागले. कातरणं आणि गोधडी तिनं वाडीत जाळली. भांड्याच्या साबणानं पेटी, पाट, मशीनचा लाकडी तक्ता घासला. पडदे आणि लुगडी सोड्याच्या पाण्यात रात्रभर भिजवून दिवसभर उन्हात टाकली. पुसता न येणाऱ्या जागी वाट्यांत सिरका ठेवला. भिंतींना चुना दिला, जमीन शेणानं सारवली. कडुलिंबाचा धूर करावा असं तिच्या मनात आलं, पण वच्छला म्हणाली, “धुरानं फक्त दबते. दोन दिवसांनी मंग वर येईल.”

रोज दिवेलागणीच्या आधी वच्छला यायची. उंबऱ्यात उभी राहायची, एक हात चौकटीवर, आणि नाकानं हळू श्वास घ्यायची. भूमेश्वरी खोलीच्या मध्ये उभी राहून तिच्या तोंडाकडं बघायची.

“आहे का?”

“आहे.”

“किती?”

“कालच्यापेक्षा कमी. कुत्र्याचा गेला. घराचा आहे.”

बस, एवढंच. मग वच्छला जायची. पण भूमेश्वरी दुपारपासूनच त्या वेळेकडं डोळे लावून असायची. केर दोनदा काढायची, केस विंचरायची. साडेचार वर्षांत रोज ठरल्या वेळी तिच्या दारात कुणी आलं नव्हतं.

सहाव्या दिवशी वच्छला आत आली. कोपऱ्यात गेली, पेटीशी वाकली, मग सरळ उभी राहून वर बघितलं.

“खालचा नाही हा. वरून येऊन राहिला. माळ्यावर काय आहे?”

“काही नाही. जुनी पोती.”

शिडी लावली. भूमेश्वरी चढू लागली, तर वच्छला म्हणाली, “तू चढून काय करशील? तुले समजनार नाही.” ती स्वतः चढली. माळ्यात बॅटरीचा उजेड इकडंतिकडं फिरला. कवेलूंच्या कडेला एक मोठं भोक होतं, खाली बोरांच्या बियांनी भरलेली लेंडं.

“जनावर नाही अठी,” वरून आवाज आला. “पन त्याची जागा आहे. एका थैलीवर झोपत होतं. दवाखान्याची थैली दिसते, भूमेश्वरी. टाकू खाली?”

श्यामलालचं सामान भरलेली ती थैली अँब्युलन्सच्या माणसानं अंगणाबाहेर ठेवली होती. त्या दिवसांत तिला हात लावायचीही भीती. भूमेश्वरीनं ती काठीनं उचलून माळ्यावर ढकलली होती, भीती गेल्यावर उघडू म्हणून. भीती गेली, पण उघडायचं राहिलं. पुढं पुढं ती तिकडं बघायचंच टाळत गेली.

“टाक,” ती म्हणाली.

थैली फाटलेली होती. वाडीत नेऊन दोघींनी ती उलटी केली. एक टॉवेल, एक स्वेटर, चौकड्यांचा सदरा, चष्मा, स्टीलचा पेला. सगळ्यावर केस आणि घाण. वच्छला पदर तोंडावर धरून दोन पावलं मागं झाली. भूमेश्वरीनं सदरा उचलला, त्यातल्या त्यात स्वच्छ बाही शोधली आणि नाकाशी धरली. बराच वेळ धरली.

मग तिनं तो वच्छलापुढं केला. “सुंगून पाय ना जरा. याले त्यांचा वास आहे का?”

वच्छलानं पदर बाजूला केला. सदरा हातात घेतला, कॉलरशी हुंगला, काखेशी हुंगला. तिला उमासा आला, तरी तिनं पुन्हा हुंगलं.

“नाही,” ती म्हणाली. “श्यामलालचा काही नाही. जनावराचाच आहे फक्त.”

“काहीच नाही?”

“खोटं सांगू काय तुले?”

“नको.”

चष्मा आणि पेला तिनं बाजूला काढून सोड्याच्या पाण्यात टाकले. बाकीचं पेटवून दिलं. टॉवेल लगेच पेटला, स्वेटर धुमसत राहिला. दोघी वाऱ्याच्या उलट्या बाजूला उभ्या होत्या. वच्छला आगीकडं बघत बोलली.

“बांबू आमच्या यायनं बांधला. पन मी काढू शकत होती. इळा घरातच होता. नाही काढला.”

भूमेश्वरीनं काठीनं स्वेटर उलटा केला.

“तुझ्या खोकलन्याचा आवाज यायचा भिंतीतून. मी कान लावून बसत होती. एक दिवस आवाज नाही आला, तवा मले वाटलं, गेली. तरी मी आली नाही.” वच्छलानं नाक पुसलं. “तवा मले लय भेव वाटत होतं.”

“हो,” भूमेश्वरी म्हणाली. “वाटतच होतं तवा सगळ्यायले.”

माफ केलं असं तिनं म्हटलं नाही, आणि वच्छलानंही तसं मागितलं नाही. सदऱ्याची राख वाऱ्यानं उडायला लागली, तशी भूमेश्वरीनं तिच्यावर पाणी शिंपडलं.

दुसऱ्या दिवशी दिवस मावळताना उदाराम शिडी आणि चार नवी कवेलू घेऊन आला. जनावर आत असताना भोक बुजवलं तर ते आतच मरेल, म्हणून त्याच्या बाहेर पडण्याची वाट बघायची होती. जागा मोडली तरी ते रातच्याला परत आलं असेल, असं उदारामचं म्हणणं होतं. तिघं वाडीत न बोलता उभी राहिली. बुधारूला वच्छलाच्या घरी कोंडलं होतं. अंधार पडायला लागला आणि कवेलूंच्या कडेला काळं तोंड दिसलं. मसन्याउदानं बराच वेळ इकडंतिकडं बघितलं, मग सगळं अंग बाहेर काढलं आणि छपराच्या कण्यावरून, लांब शेपूट मागं ओढत, जांबाच्या फांदीवर उतरलं. तिथून ते बांध्यांकडं गेलं. उदाराम चढला, माळ्यात पिल्लं नाहीत ना ते बघितलं आणि कवेलू बसवली. खाली उतरल्यावर त्यानं हात झटकले, भूमेश्वरीकडं एकदा बघितलं आणि शिडी घेऊन गेला.

माळा धुऊन, चुना मारून झाला. तीन दिवसांनी वच्छला उंबऱ्यात उभी राहिली. श्वास घेतला. आत आली, कोपऱ्यात गेली, मशीनच्या तक्त्यावर वाकली, पडदा नाकाशी धरला.

“आहे का अजून?”

“नाही. गेला.”

“पक्का?”

“चुन्याचा येऊन राहिला. अन् शेनाचा.” ती जरा वेळ तशीच उभी राहिली, पदराशी चाळा करत. मग म्हणाली, “चल, जातो. सयपाक आहे.”

टीनाचा ब्लाऊज भूमेश्वरीनं नव्या कापडाचा शिवून दिला, लग्नाला चार दिवस असताना. टीनानं टोल्यात सगळ्यांना खरी गोष्ट सांगितली होती. एक-दोघी येऊन म्हणून गेल्या, बाई, आमाले मालूम असतं तर. बचत गट पुढच्या महिन्यात परत तिच्या सपरीत बसला. पण लग्नसराईचं कामकाज सडकेवरच्या दुकानांनी उचललं होतं, आणि ज्या बाया एकदा तिकडं गेल्या त्यांतल्या बऱ्याच तिकडंच राहिल्या. ज्या आल्या त्यासुद्धा शिवलेलं कापड हातात घेतलं की बोलता बोलता नाकाशी नेत. त्यांना वाटे, भूमेश्वरीच्या लक्षात येत नाही. तिच्या लक्षात येई. ती धागा ओवत असल्यासारखं करून खाली बघे.

वच्छला मात्र त्या दिवसानंतर आली नाही. यायचं कारण उरलं नव्हतं. पहिल्या संध्याकाळी भूमेश्वरीनं सवयीनं केस विंचरले आणि सपरीत बसली. दुसऱ्या संध्याकाळीही बसली. पलीकडं खिडकी आता उघडी असे आणि आतून भांड्यांचा, टीव्हीचा आवाज येई. त्या आवाजात तिला घर पूर्वीपेक्षा जास्त रिकामं वाटलं. खिडकी बंद होती तेव्हा निदान तिला एकटेपणाची सवय झाली होती.

रविवारी गुंजनचा फोन आला, तेव्हा तिनं वास न येण्याचं सांगितलं. गुंजन आधी रडली, मग रायपूरच्या डॉक्टरकडं घेऊन जाते म्हणाली. “दाखवू,” भूमेश्वरी म्हणाली. “पन आता घाई नाही.” फोन बराच वेळ चालला. ठेवल्यावर खोली पुन्हा शांत झाली.

आणखी दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी तिनं दुधाचं पातेलं उचललं, झाकणासकट, आणि मधल्या वाटेनं वच्छलाच्या अंगणात गेली. वच्छला उन्हात बसून लसूण सोलत होती.

“पाय ना,” भूमेश्वरीनं पातेलं पुढं केलं. “नासलं का ते समजत नाही मले.”

वच्छलानं झाकण काढलं. वाकून वास घेतला, मग बोट बुडवून बघितलं. दूध अजून कोमट होतं.

“हे तर सकारचंच आहे,” ती म्हणाली.

“हो.”

वच्छलानं तिच्याकडं बघितलं, मग झाकण नीट लावलं आणि पातेलं सावलीत सरकवलं. मांडीवरच्या सुपातला अर्धा लसूण तिनं दुसऱ्या ताटलीत काढला आणि ती ताटली भूमेश्वरीपुढं ठेवली.

“बस,” ती म्हणाली. “सोल.”

भूमेश्वरी बसली. लसणाची सालं वाऱ्यानं अंगणभर जात होती, आणि बुधारू बोळाच्या तोंडाशी, तांबूस पाठ उन्हाकडं करून, निजला होता.